हल्या एका गोळीत पडला नव्हता

निशांत, रुही,

हे तुमच्यासाठी लिहिते आहे, पण बोलणार आहे तुमच्या आजोबांशी. त्यांना जाऊन अजून महिना झालेला नाही आणि माझं त्यांच्याशी एक भांडण अर्धवट राहिलं आहे. ते मराठीत सुरू झालं होतं, म्हणून मराठीतच लिहिते. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवली, पण भांडायला ती भाषा मला कधी पुरली नाही.

आत्ताच का, तेही सांगते. निशांत, रविवारी तू ऑस्ट्रेलियातून, डार्विनहून फोन केलास. तिकडचा पावसाळा संपला की तुझे खाणीतले मित्र रानरेड्यांच्या शिकारीला जाणार आहेत आणि तूही जाणार आहेस, असं म्हणालास. कोणतं काडतूस न्यायचं यावर तुमचा वाद चालू आहे. मित्र म्हणतात, तीनशे पंचाहत्तर मॅग्नमच्या खाली यायचं नाही. तू त्यांना सांगितलंस, की माझ्या आजोबांनी साध्या तीनशे पंधराने एका गोळीत रेडा पाडला होता, नेम चांगला असला की हलकं काडतूस पुरतं. मग मला विचारलंस, "आजी, गोळी नेमकी कोणती होती गं?"

मी म्हणाले, कुकरची शिट्टी झाली, नंतर बोलते. कुकर लावलेला नव्हता.

आता वाच, आणि हातातलं काम बाजूला ठेवून वाच. ज्या गोष्टीच्या भरवशावर तू त्या जनावरासमोर उभा राहणार आहेस, ती खोटी आहे.

अहो, ऐकलंत? तुमचा नातू तुमच्या एका गोळीवर विसंबून निघाला आहे. जिवंतपणी या विषयावर चारचौघांत तोंड उघडलं नाहीत आणि आता माझ्यावर टाकून मोकळे झालात.

तुम्ही गेल्यानंतरच्या विधीला, जलदानाच्या दिवशी, आपल्या दारातल्या मांडवात बापूसाहेबांचा मुलगा माइकवर उभा राहिला. बापूसाहेब म्हणजे गावातले मोठे जमीनदार, हे मुलांसाठी. ते जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्यांचा मुलगा सगळीकडे भाषणं करत फिरतो. त्रिसरण-पंचशील झालं होतं, भंतेजी निघायच्या तयारीत होते, भाताची पातेली खाली उतरली होती. हा म्हणाला, "अख्खं गाव भीतीनं कापून राह्यलं होतं. मेजरनं गोळी घातली, एकच. हल्या जाग्यावर आडवा." लोकांनी माना डोलावल्या. मागे कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. आपला लेक संजय मोबाइल धरून उभा होता, त्यामुळे नातवंडांनी ते सगळं परदेशात बसून ऐकलं.

मी तुमच्या फोटोशेजारी खुर्चीवर होते. सुनेने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तिला वाटलं मी रडते आहे. मला राग आला होता. तुम्ही गेलात याचा होताच, पण तो मी नंतर एकटीने करणार होते. तेव्हाचा राग टाळी वाजवणाऱ्यावर होता, आणि फोटोतल्या तुमच्या त्या हसण्यावर.

मुलांना हल्या म्हणजे काय ते नीट माहीत नाही, तेवढं सांगते आणि परत तुमच्याकडे वळते. हल्या म्हणजे रेडा, म्हशीचा नर. आपल्या गावात पूर्वी मरीआईला हल्याचा बळी देत. ते बंद झालं तेव्हा गावाने मधला मार्ग काढला. मारायचा नाही, देवीच्या नावाने सोडायचा. नर नको असलेल्या घरातलं रेडकू घ्यायचं, कपाळाला मळवट भरायचा, एक कान चिरायचा आणि मोकाट सोडून द्यायचं. त्याला बांधायचं नाही, त्याच्यावर काठी उगारायची नाही. ते कुणाच्या कपाशीत शिरलं, कुणाच्या उसात लोळलं, तर देवी जेवून गेली म्हणायचं. हा हल्या लहान होता तोवर पोरं त्याच्या पाठीवर बसत. मोठा झाला तसा त्याने गोदावरीकडच्या वाटेवरचा ऊस आपला मानला आणि त्या वाटेने येणारं प्रत्येक जनावर, प्रत्येक माणूस शत्रू मानला.

आधी त्याने एक बैल फाडला. गावाने देवीची ओटी भरली. मग आपल्या गल्लीतली गयाबाई, तुमच्या चुलतभावाची बायको, कापूस वेचून घरी येत होती. तिला त्याने बांधावर गाठलं. ती दुसऱ्या दिवशी गेली. गाव म्हणालं, तिनं आडवं जायला नको होतं. कुणी आपल्या दारात आलं नाही. चार आठवड्यांनी बापूसाहेबांचा जावई मोटारसायकलवरून येताना हल्या मागे लागला, जावई कालव्यात पडला, त्याचा हात मोडला. तेव्हा आले.

तुम्हाला आठवत असेल, ते कसे बसले होते. ओट्यावर बसले, आत आले नाहीत. मी चहा टाकला तर उन्हाचं कारण सांगून नको म्हणाले. तुम्ही फौजेतून हवालदार म्हणून आलात, पण गावात कुणीही फौजी मेजरच असतो. बापूसाहेब म्हणाले, "मेजर, गावात रायफली दोनच. एक माझी, एक तुमची. माझ्या हातून देवीचं जनावर पडलं तर घरात लेकरंबाळं हायेत. तुमचं तसं न्हाई. तुम्ही देव मानत न्हाई, मंग तुम्हाला दोष कशाचा लागणार?"

मी आत वह्या तपासत होते. लाल पेन हातात घेऊनच बाहेर आले आणि म्हणाले, लेकरू आम्हालाही आहे, वसतिगृहात शिकतं. बापूसाहेब हसले. बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला आम्ही काय सांगावं, असं काहीतरी बोलले. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"करतो बराबर," एवढंच म्हणालात.

ते गेल्यावर मी तुम्हाला काय काय बोलले, ते सगळं इथे लिहीत नाही. मुद्दा एकच होता. आपल्या आजोबांच्या पिढीने छप्पन साली धम्म घेतला, गावाची मेलेली जनावरं ओढायची सोडली, त्यासाठी पाण्यावाचून राहिली, मार खाल्ला. आता गावाला जिवंत जनावर मरून हवं आहे आणि पाप आपल्या अंगणात टाकायचं आहे, तर तुम्ही सलाम ठोकून हो म्हणालात. तुम्ही बूट पुसत होतात. म्हणालात, गया माझी वहिनी होती. मी म्हणाले, मग गया गेली त्या दिवशी का नाही उठलात? यावर तुम्ही दुसरा बूट उचललात. तुमचं हे गप्प बसणं चाळीस वर्षं माझ्या वाट्याला आलं. वर्गात मी असल्या मुलांना बाकावर उभं करायचे.

आता काडतुसाचं. निशांत, हे तू विचारलंस म्हणून सविस्तर सांगते, पण तुझ्या आजोबांसमोर सांगते, चुकलं तर त्यांनी दुरुस्त करावं.

तुमची रायफल सरकारी कारखान्यातली, तीनशे पंधरा बोअरची. रानडुकरांपासून पीक राखायला परवाना मिळालेला. त्या परवान्याचे सगळे अर्ज मी इंग्रजीत लिहिले, नूतनीकरणाची तारीख मी सांभाळली, काडतुसांच्या खोक्यावरचा बारीक मजकूर मीच तुम्हाला वाचून दाखवला. त्यामुळे मला माहीत होतं, की तुमच्याकडे मिळायची ती नरम टोकाची गोळी. तिचं शिसं पुढून उघडं असतं. अंगात शिरली की फुलते, पसरते आणि आतच थांबते. डुकराला, हरणाला ती पुरते. हल्याच्या खांद्यावर मात्र बोटभर जाड कातडं, त्याखाली मांस, त्याखाली हाड. तिथे ती वरच्यावर फुलून बसते. मला हे कळत होतं म्हणजे तुम्हाला कळत होतंच.

तरीही मी माझ्या पद्धतीने खात्री करून घेतली. शाळेच्या कपाटात कुणा साहेबाचं शिकारीवरचं जुनं पुस्तक धूळ खात पडलं होतं, ते आणलं. त्यात रेड्यासाठी स्पष्ट लिहिलं होतं, जड गोळी घ्या, भरीव टोकाची, जी हाड फोडून आत जाईल. त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून मी पुस्तक तुमच्यापुढे ठेवलं आणि अर्थ सांगितला. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "साहेबाच्या रेड्यामागं कोण बसलं व्हतं, ते लिवलंय का त्यात?"

मला वाटलं थट्टा करताय. मी पुस्तक मिटलं.

त्याच संध्याकाळी बापूसाहेबांनी ड्रायव्हरबरोबर त्यांची रायफल पाठवली. त्यांच्या वडिलांची, निजामाच्या राज्यातली, तीनशे पंचाहत्तर मॅग्नम. कॅनव्हासच्या पिशवीत, तेल लावून ठेवलेली. सोबत भरीव टोकाची पितळी काडतुसं, माझ्या मधल्या बोटाहून लांब. देवीच्या जनावरावर स्वतःचा हात नको होता त्यांना, बंदूक चालत होती. तरी मला बरं वाटलं. मी देवाचे आभार मानत नाही, पण त्या पिशवीचे मनात मानले. काडतुसं जुनी आहेत, पेटायची नाहीत असं तुम्ही म्हणाला असता, तरी मी मान्य केलं असतं. तुम्ही एक काडतूस उचललंत, उजेडाकडे धरलंत, बुडाची टोपी अंगठ्याने पुसून बघितलीत आणि म्हणालात, माल एक नंबर हाये. मग पिशवीचे पट्टे बांधलेत आणि ड्रायव्हरला म्हणालात, "बापूसाहेबांना सांगा, गरज न्हाई."

मी ड्रायव्हरसमोर काही बोलले नाही. जीप वळल्यावर विचारलं, का.

"ती गोळी हल्यातून आरपार जाती," तुम्ही म्हणालात. "मागं कालव्याचा भराव हाये. आज नुसता माग बघाया गेल्तो तर निम्मं गाव पाठीमागं आल्तं, बायका, लेकरं घेऊन. उद्या सगळे त्या भरावावर बसणार. माझी गोळी हल्यातच राह्यली पायजे."

"मग आधी भराव रिकामा करा."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "माझ्या सांगण्यानं?"

मी म्हणाले, फौजेत तुमच्या सांगण्याने माणसं हलत होती ना. तुम्ही म्हणालात, ही फौज हाये का?

हे आपलं भांडण. दुसऱ्या दिवशी सकाळी ते थांबलं आणि मग कधीच पूर्ण झालं नाही. तुमचं म्हणणं, तुम्ही माणसांसाठी हलकं काडतूस घेतलं. माझं म्हणणं, "गरज न्हाई" म्हणताना तुमची मान ज्या ताठपणे वळली, ती मी बघितली होती. बापूसाहेबांची रायफल परत पाठवण्यात तुम्हाला सुख झालं होतं. तसं सुख तुम्हाला आयुष्यात फार वेळा मिळालं नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण ते माझ्या संसाराच्या किमतीवर घ्यायला नको होतं.

सकाळी मी शाळेत गेले नाही. तुम्ही नको म्हणत असतानाही कालव्याच्या पुलापाशी जाऊन उभी राहिले. भरावावर खरंच सगळं गाव होतं. शेंगा खात होतं. बापूसाहेबांसाठी खुर्ची आणली होती आणि जो परवा माइकवर बोलला, तो त्यांच्या मांडीवर बसला होता. तुम्ही भरावाखाली जाऊन हात जोडलेत. उठा, पुलापल्याड जा, गोळीचा नेम न्हाई, असं दोनदा सांगितलंत. वरून कुणीतरी ओरडलं, "मेजर, तुम्ही फकस्त नेम धरा, आम्ही बराबर बसतो." सगळे हसले. बापूसाहेबही हसले. कुणी उठलं नाही. एक म्हातारा तेवढा दोन हात मागे सरकला आणि पुन्हा शेंगा सोलायला लागला.

माझ्या मनात तेव्हा एकच विचार आला, की आता वळा आणि घरी या. हात जोडलेत, झालं. घरी या.

तुम्ही उसाकडे गेलात.

हल्या उसाच्या कडेला चिखलात बसला होता, भरावाकडे पाठ करून. तुम्ही जवळ जाईपर्यंत उठला नाही, त्याला सवयच होती की कुणी काही करत नाही. पहिली गोळी खांद्यावर लागली. तो दचकला, घोड्यासारखा उडाला आणि उसात शिरला. भरावावरून शिट्ट्या. मग बराच वेळ काही नाही, नुसती उसाची पानं हलत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे. तो बाहेर आला तेव्हा तुमच्या अगदी पुढ्यात होता. दुसरी गोळी त्याच्या छातीत मारलीत, तो थांबला नाही. तिसरी मारलीत आणि त्याने तुम्हाला उचललं. माणूस एवढा हलका असतो हे मला तेव्हा कळलं. चौथी तुम्ही आडवे पडून मारलीत, त्याच्या जबड्याखालून. मग तो तुमच्या शेजारी बसला, हळूच, जसा गोठ्यात बसतो तसा, आणि कलंडला.

गाव भरावावरून धावत खाली आलं. मला वाटलं तुमच्याकडे येतंय. ते हल्याकडे गेलं. बायकांनी पदराच्या गाठीतून हळदकुंकू काढलं. घरून बांधून आणलेलं होतं, म्हणजे आधीच ठरलेलं होतं. त्याच्या कपाळाला लावलं, नारळ फोडला, हात जोडले, माफी मागितली. तुम्ही तिथून चार हातांवर रक्त थुंकत होतात. नारळाचं पाणी तुमच्या बुटापर्यंत आलं. मी पोचले, गल्लीतली दोन माणसं पोचली, आणि बापूसाहेबांचा ड्रायव्हर, त्याने कुणाला न विचारता जीप आणली. जालन्यापर्यंत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही काही बोलायला बघत होतात. मी तुम्हाला गप्प बसा म्हणाले. सगळ्या आयुष्यात ते एकदाच म्हणाले असेन.

तीन बरगड्या मोडल्या होत्या, त्यातली एक फुप्फुसात गेली होती.

दुसऱ्या दिवशी तुमचे कपडे न्यायला मी गावी आले तर दारात दोघं उभे. मेजर कसे आहेत ते विचारलं, मग कामाचं बोलले. हल्या फुगायला लागला आहे, देवीचं जनावर आहे, मातीत घातलं पाहिजे, तर गल्लीतली चार माणसं सांगा ओढायला. मी कुलूप काढत होते. मागे न वळता म्हणाले, "देवी तुमची, हल्या तुमचा, ट्रॅक्टर बापूसाहेबांचा. लावा दोर." गल्लीतलं कुणी गेलं नाही. ट्रॅक्टरनेच ओढला शेवटी.

जनावरांच्या डॉक्टरांनी हल्या तपासून सांगितलं, की चारही गोळ्या आत आहेत, एकही पार गेलेली नाही. ते मी दवाखान्यात येऊन तुम्हाला सांगितलं. तुमच्या छातीत नळी होती. तरी तोंडावर जे समाधान पसरलं ते बघून मला ती नळी ओढून काढावीशी वाटली. "बघ, मास्तरीणबाई," तुम्ही कुजबुजलात, "आतच राह्यल्या." मी म्हणाले, गोळ्या आत राहिल्या, बरगडीही आतच गेली, सगळं कसं आतल्या आत झालं. तुम्हाला हसू आलं आणि हसताना एवढं दुखलं, की नर्स मला रागावली.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. गोळ्या चार होत्या, अख्ख्या गावाने ऐकल्या होत्या. मग त्याची एक कशी झाली?

पहिल्या वर्षी लोक चारच म्हणत. मग कुणी दोन म्हणायला लागलं. तुम्ही काठी टेकत चौकात जायला लागलात तेव्हा हॉटेलच्या बाकावर माणसं सरकून जागा द्यायला लागली. त्याआधी तुम्ही कधी त्या बाकावर बसला नव्हतात. तुम्ही आपले बाहेर उभे राहून चहा घ्यायचात आणि मला सांगायचात, की उभं राहिलं की पाय मोकळे होतात. आता सगळ्यांसारख्याच ग्लासात तुमचा चहा यायला लागला. नवीन पाहुणा आला की गल्ल्यावरचा माणूस तुमच्याकडे बोट दाखवून सांगायचा, ह्यांनी हल्या मारला, एका गोळीत. तुम्ही ग्लास तोंडाला लावायचात.

मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही भाजी निवडत होतात. चार होत्या हे सांगत का नाही, असं विचारलं. तुम्ही मेथीची जुडी खाली ठेवलीत.

"एक म्हणलं की बाक मिळतो," तुम्ही म्हणालात. "चार म्हणलं की इचारतेत, चार का लागल्या? मंग सांगावं लागंल, तुम्ही उठला न्हाईत म्हणून."

"मग सांगा."

"अन् मंग बसू कुठं?"

मी त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. अजूनही मला ते पटलेलं नाही. तुमच्या बरगड्या मोडल्या त्यांच्यामुळे आणि त्याबद्दल त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तुम्ही खोटं सांभाळलंत, वर त्यांच्या चहाचे आभार मानलेत. आणि मी? हिवाळा आला की तुमच्या छातीतून येणारी ती शिट्टी मी ऐकायची. उशांची चळत मी रचायची, कारण तुम्हाला आडवं झोपता येत नव्हतं. बाकावर तुम्ही बसायचात, चार गोळ्या माझ्या घरात राहायच्या.

तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, माझी शिस्त मला तसं करू देत नाही. काम होईनासं झालं तेव्हा स्वयंपाकघर तुम्ही घेतलंत आणि गल्लीतल्या पुरुषांनी टोमणे मारले तर म्हणालात, लंगरातला स्वयंपाक फौजेतच शिकलो. रोज सकाळी मला शाळेत नेणाऱ्या घनसावंगीच्या जीपपर्यंत माझ्याबरोबर यायचात. एवढंसं अंतर, पण मध्ये दोनदा थांबावं लागायचं, आणि थांबलात की दम लागलाय असं न म्हणता जवळच्या शेतातल्या पिकाबद्दल काहीतरी बोलायचात. सोयाबीन बसलं यंदा. तूर बरी हाये. मी ते खरं मानायचे. मी निवृत्त झाले त्या दिवशी जीपमधून उतरले तर तुम्ही तिथेच उभे होतात, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मला सलाम ठोकलात. सगळ्या जीपसमोर. मी लाजून तुमच्यावर ओरडले. ते ओरडणं तेवढं मी परत घेते. बाकीचं नाही.

यंदा न्यूमोनिया झाला तेव्हा तरुण डॉक्टरने एक्स-रे बघून विचारलं, फुप्फुसाची ही जुनी जखम कशाची? मी म्हणाले, हल्याची. त्याला वाटलं म्हातारी गंमत करते आहे. मग तो म्हणाला, एवढं फुप्फुस धड असतं तर निभावलं असतं. म्हणजे हल्याने तुम्हाला मारलंच शेवटी, फक्त वेळ लावला. हे मी मांडवात त्या माइकवरून सांगायला हवं होतं असं वाटतं. मग वाटतं, तुमचा बाक मी तुमच्या पाठीमागे कशाला काढून घेऊ. म्हणून गावात बोलले नाही. पण घरात खोटं राहू देणार नाही. निशांतच्या जिवाशी तुमच्या बाकाचा सौदा मला मान्य नाही.

तेव्हा निशांत, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गोळी तीनशे पंधराची, नरम टोकाची, आणि एक नव्हे, चार. तुझे मित्र बरोबर आहेत, तू चूक आहेस. जाणारच असशील तर तीनशे पंचाहत्तर घे, भरीव टोकाची, आणि गोळी चालवायच्या आधी रेड्याच्या मागे काय आहे ते बघ. तिथे माणसं असतील आणि ती तुझ्या सांगण्याने हलणार नसतील, तर बंदूक खांद्यावरून उतरव आणि परत फिर. तुझ्या आजोबांना परत फिरता आलं नाही. का आलं नाही, हे तुला तिकडे राहून कळणार नाही आणि कळू नये असंच मला वाटतं. माझं मत विचारशील तर जाऊच नकोस. तिकडचे रेडेही असेच कुणीतरी आशियातून नेले आणि काम संपल्यावर मोकाट सोडले, असं मी वाचलं. त्यांचं आपल्या घराशी काही देणंघेणं नाही.

आणि अहो, तुम्हाला एवढंच. तुम्ही माणसांसाठी ते काडतूस घेतलंत की बापूसाहेबांची रायफल परत पाठवण्यासाठी, हे मला अजून ठरवता येत नाही. चाळीस वर्षं मी दोन्ही बाजू तपासल्या आणि गुण देऊ शकले नाही. तुम्ही सांगितलेलं खरं असेल तर माझा राग कमी व्हायला हवा. तो झालेला नाही. कदाचित जास्तच झाला आहे, कारण मग तुम्ही मला आणि संजयला मागे टाकून त्यांची काळजी केलीत, जे तुम्ही हात जोडूनही उठले नाहीत.

जलदानाच्या दिवशी पंगत बसली तेव्हा मी दारातून बघत होते. चेहरे म्हातारे झालेत, पण मला ओळखू येत होते. जो ओरडला होता, तो दुसऱ्यांदा वरण मागत होता. जिने हळदकुंकू लावलं होतं, ती सुनेला माझ्या रक्तदाबाचं विचारत होती. बापूसाहेबांचा मुलगा आपल्या लेकाला मांडीवर घेऊन भरवत होता.

त्या सकाळी कालव्याच्या भरावावर बसलेल्यांपैकी कुणालाही गोळी लागली नाही. त्यातली बरीच माणसं अजून जिवंत आहेत.